पलटणीतून परतलेल्या माणसाचे देणे

(ध्वजदिनाच्या निमित्ताने पुणे शहरात माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबांच्या मेळाव्यात एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण)



आम्ही खेड्यातले मास्तर. ट्रेनिंग कॉलेजात आम्हांस मुलांना अक्षरओळख कशी करून द्यावी हे शिकविले. पण गावात गेल्यावर असे ध्यानी आले की, मास्तराचे निम्मे काम शाळा सुटल्यावर सुरू होते. कोणाचा पीकविम्याचा अर्ज, कोणाची वारसनोंद, कोणाचे बँकेचे पत्र. या कागदांच्या गर्दीत एक कागद आमच्या हाती वारंवार येत आला आहे. तो म्हणजे पलटणीतून सुटताना शिपायास मिळालेले डिस्चार्ज बुक. कोणी ते पत्र्याच्या पेटीत जपलेले असते, कोणी देव्हाऱ्यामागे ठेवलेले असते, तर कोठे उंदराने त्याच्या कडा खाल्लेल्या असतात. त्या पुस्तकाचा अर्थ काय, त्यावर काय मिळते व कोठे मिळते, हे विचारावयास येणारी माणसे आमच्याच शेतकरी व कारागीर घरांतली. म्हणून या विषयावर दोन शब्द बोलण्याचा आम्हांस थोडा अधिकार आहे असे समजून आम्ही उभे राहिलो आहोत.

प्रथम एक गोष्ट साफ करू. माजी सैनिक म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे पेन्शन, कॅन्टीनचे सामान आणि मुलांना राखीव जागा एवढेच येते. “सरकार यांना पुष्कळ देते, आणखी काय पाहिजे?” असे चावडीवर बोलले जाते. हे बोलणे अगदी खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. ज्याने पलटणीत पूर्ण नोकरी केली, त्याला पेन्शन आहे आणि ती बरी आहे. २०१५ साली ‘एक पद, एक पेन्शन’ मान्य झाल्यापासून जुन्या पेन्शनरांसही दिलासा मिळाला. पण साध्या शिपायास पेन्शन बसावयास किमान १५ वर्षांची नोकरी लागते. जो त्याआधी सुटला, मग तो आई आजारी म्हणून सुटो, शेत पाहणारे कोणी नाही म्हणून सुटो, की लढाईपुरता भरती होऊन लढाई संपताच सुटो, त्याच्या हाती डिस्चार्ज बुक आले आणि महिन्याची पेन्शन आली नाही. दोघांच्या अंगावर एकच गणवेश होता. एकाच खंदकात दोघे बसले. म्हातारपणी मात्र एकाच्या घरी महिन्याला पैसे येतात आणि दुसरा लेकाच्या तोंडाकडे पाहतो.

ही कथा आजची नाही. पहिल्या महायुद्धात आमच्या मुलखातून गावेच्या गावे भरती झाली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने त्या एका युद्धात ४६ माणसे गमावली, आणि त्या गावाला आजही लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज सुमारे २५ लाखांवर गेली. कुलाब्याकडील, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील, नाईक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढता लढता पडले आणि त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची नावे आपण घेतो, ते योग्यच आहे. पण युद्ध संपल्यावर त्या लाखो लोकांपैकी बहुतेकांस घरी पाठविण्यात आले. ते जात्यावर, नांगरावर, मागावर, ऐरणीवर परत आले. ज्यांना पदक मिळाले त्यांची नोंद इतिहासात राहिली. ज्यांना नुसते गाडीभाड्याचे पास मिळाले, त्यांची नोंद त्यांच्या सुनांनाही नाही.

आता या पुणे शहराकडे पाहा. लढाईतून मोडून आलेल्या माणसाला पुन्हा उभे करण्याचे काम या शहरात शंभर वर्षांहून अधिक काळ चालले आहे, आणि गंमत अशी की येथे जन्म काढलेल्या पुष्कळांस ते माहीत नाही. १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असतानाच, लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरी टेक्निकल स्कूल निघाले. तेच पुढे खडकीस आले. हात-पाय गमावलेल्या शिपायास भिकेस लावण्याऐवजी त्याच्या हाती कसब द्यावे, हा त्यामागचा विचार. सुतार-लोहाराच्या घरात जन्मलेल्या माणसाला हा विचार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हाताला काम असले की मान ताठ राहते.

दुसरी संस्था १९४४ सालची. दुसऱ्या महायुद्धातील जखमींसाठी पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उघडले. तेथे बनलेल्या पायांवर किती तरी शिपाई आपल्या गावच्या बांधावर पुन्हा चालले. त्या केंद्राचा लाभ पुढे सामान्य नागरिकांसही मिळू लागला. तिसरी संस्था १९७४ सालची. १९७१च्या युद्धात ज्यांच्या पाठीच्या कण्यास इजा होऊन कमरेखालचे अंग गेले, अशा जवानांसाठी खडकीस पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले. आजही तेथे चाकाच्या खुर्चीवरचे जवान राहतात. ते बास्केटबॉल खेळतात, आणि ज्याचे हातही गेले तो तोंडात कुंचला धरून चित्र काढतो. आमच्या शाळेच्या सहली शनिवारवाड्यास येतात, सिंहगडास जातात. खडकीस या केंद्राच्या दारी, परवानगी घेऊन, एक तासही कोणी मुलांना नेत नाही. शूरपणा काय असतो हे मुलांस दगडी बुरुजावरून कळते त्याहून तेथे अधिक कळेल.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे नाव आता सर्वांस ठाऊक झाले आहे. १९६५च्या युद्धात त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या आणि शरीर अधू झाले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. वैयक्तिक सुवर्णपदक आणणारे ते पहिले भारतीय. पण त्यांस पद्मश्री मिळावयास २०१८ साल उजाडले. मध्ये ४६ वर्षे गेली. सुवर्णपदक आणणाऱ्याची ही गत, तर ज्याने फक्त पाय दिला आणि पदक काही आणले नाही, त्याची आठवण गावाने किती दिवसांनी ठेवावी?

बरे, सरकारची यंत्रणा नाही असे नाही. १९१९ साली पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांच्या कल्याणासाठी बोर्ड स्थापन झाले. त्याचेच आजचे रूप म्हणजे दिल्लीचे केंद्रीय सैनिक बोर्ड. आपल्या राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्य कार्यालय येथेच, पुण्यात घोरपडीस, युद्ध स्मारकासमोर आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. सैनिकांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृहे आहेत, विश्रामगृहे आहेत. आणि १९४९ सालापासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो.

या ध्वजदिनाविषयी शिक्षक म्हणून आम्हांस विशेष बोलावयाचे आहे. दरसाल शाळेत छोटे छोटे ध्वज येतात. पोरे घरून नाणी आणतात. कोणी पाच रुपये, कोणी दहा. ध्वज सदऱ्यावर टोचून दिवसभर मिरवतात आणि दुसऱ्या दिवशी तो कपड्याबरोबर धुण्यात जातो. आम्ही रक्कम मोजतो, पावती फाडतो, वर पाठवितो. पण या पैशाचे पुढे काय होते हे आम्ही शिक्षक लोक मुलांस सांगत नाही, कारण आमच्यातल्या पुष्कळांनाच ते ठाऊक नसते. तेव्हा आज ते सांगतो. १९९३ साली निरनिराळे निधी एकत्र करून केंद्राचा सशस्त्र सेना ध्वजदिन निधी झाला. खडकीच्या ज्या पॅराप्लेजिक केंद्राविषयी आम्ही आता बोललो, त्यालाही या निधीतून अनुदान जाते. आणि याच निधीच्या पोटात संरक्षणमंत्र्यांचा माजी सैनिक कल्याण निधी आहे. त्यातून गरजू माजी सैनिकांस व त्यांच्या विधवांस थेट मदत मिळते.

ती मदत किती, हे कान देऊन ऐका, आणि घरी जाऊन चार जणांस सांगा. ज्या माजी सैनिकास पेन्शन नाही, ज्याचे वय ६५ वर्षांवर आहे, ज्याचा हुद्दा हवालदार किंवा त्याखालचा होता आणि ज्यास दुसरे नियमित उत्पन्न नाही, त्याला किंवा तो वारला असल्यास त्याच्या विधवेस दरमहा निर्वाह अनुदान आहे. ते पूर्वी ४,००० रुपये होते. ऑक्टोबर २०२५मध्ये ते दुप्पट, म्हणजे ८,००० रुपये करण्याचे ठरले आणि १ नोव्हेंबर २०२५पासूनच्या अर्जांना ते लागू झाले. त्याच निर्णयाने मुलांच्या शिक्षणाचे अनुदान महिना १,००० रुपयांवरून २,००० रुपये झाले. ते दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत आहे. मुलीच्या लग्नाचे अनुदान ५०,००० रुपयांवरून १,००,००० रुपये झाले, तेही दोन मुलींपर्यंत. आणि येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम मोठ्याने सांगतो: हेच अनुदान विधवेच्या पुनर्विवाहासही आहे. ज्या पुणे शहरात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी विधवांच्या दुःखाला पहिल्याने दार उघडले, त्या शहरात तरी या कलमाची कोणी लाज बाळगू नये. पंचविशीत कपाळ उघडे पडलेली पोर सासरच्यांनी पेन्शनसाठी अडकवून ठेवावी आणि माहेरच्यांनी लोकलाजेसाठी गप्प बसावे, हा शूराचा सन्मान नव्हे.

याखेरीज धंदेशिक्षणाच्या पदवीसाठी पंतप्रधानांची शिष्यवृत्ती आहे. तिच्यात मुलीस महिना ३,००० रुपये आणि मुलास २,५०० रुपये मिळतात. राज्य सरकारने २०२० साली माजी सैनिकांस व सैनिकांच्या विधवांस घरपट्टीची माफी दिली. पेन्शनरांसाठी १ एप्रिल २००३पासून ई.सी.एच.एस.ची दवाखाना योजना आहे. तिचे कार्ड असले की तिच्या दवाखान्यांत व ठरवून दिलेल्या रुग्णालयांत उपचार होतात. पण पाहा, येथेही तोच भेद. हे कार्ड मुख्यतः पेन्शनरास. पेन्शन नसलेल्या साध्या शिपायास या योजनेत सहसा जागा नाही. ज्याच्या खिशात आधीच काही नाही, त्याचा दवाखानाही वेगळा. तेव्हा त्याने याच कल्याण निधीतून औषधोपचारासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज करता येतो हेच त्यास कोणी सांगितलेले नसते.

मग एवढे सारे असूनही ते घरापर्यंत का पोहोचत नाही? वर धरण भरलेले आणि शेताच्या चारीत पाणी नाही, असे का होते? आम्ही गावात बसून जे पाहिले त्यावरून कारणे सांगतो.

पहिले कारण नावाचे. आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल आहे. माहेरी ती सोनाबाई, सासरी ती लक्ष्मीबाई. शिपायाने पलटणीत बायकोचे नाव एक लिहिले, आधार कार्डावर दुसरे आले, बँकेच्या पुस्तकात तिसरे. नवरा जिवंत आहे तोवर कोणाचे काही अडत नाही. तो गेला की दुसऱ्या महिन्यापासून तीच बाई सरकारच्या लेखी तीन बायका होते आणि एकीसही पैसे मिळत नाहीत. आमच्या तालुक्यात एका म्हातारीने या एका फरकापायी दोन वर्षांवर हेलपाटे घातले. कार्यालयात तिला सांगत, “आजी, कागद जुळत नाहीत.” कागद कोणते, कसे जुळवावेत, हे एका कागदावर लिहून द्यावे असे कोणास सुचले नाही. खरे म्हणजे उपाय अवघड नसतो. प्रतिज्ञापत्र करावे, दोन्ही नावे एकाच बाईची असल्याचे पुरावे जोडावेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत शिपायाच्या रेकॉर्ड ऑफिसाकडे पाठवावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावास, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, आणि बॉम्बे सॅपर्सचे तर येथेच खडकीस आहे. पण सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे नवरा जिवंत असतानाच हे करून ठेवणे. तेव्हा त्याच्या सहीचा एक अर्ज पुरतो. नंतर तिच्या अंगठ्याचे वीस अर्जही पुरत नाहीत.

दुसरे कारण यंत्राचे. अर्ज आता संगणकावरून भरावे लागतात. लष्करी पेन्शनीचे काम ‘स्पर्श’ नावाच्या व्यवस्थेवर गेले आहे. हयातीचा दाखला दरसाल द्यावा लागतो, नाही तर पेन्शन थांबते. ज्यांची बोटे मातीत झिजली त्यांच्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही. मग म्हातारा म्हणतो, “मी समोर उभा आहे आणि यंत्र म्हणते मी मेलो.” त्याला हे कोणी सांगत नाही की, हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, आणि पोस्टमनास बोलावून घरबसल्याही देता येतो. ही माहिती एका वाक्याची आहे. ती न मिळाल्यामुळे महिन्यांची चूल थंड राहते.

तिसरे कारण मधल्या माणसाचे. जेथे अज्ञान आहे तेथे दलाल उगवतो, जसे ओल असली की गवत उगवते. कोणी म्हणतो, “साहेबाची ओळख आहे, इतके द्या.” कोणी थकबाकीचा चौथा हिस्सा आधीच ठरवून घेतो. पूर्वी सावकार खत लिहून घेत असे, आता हा फॉर्म भरून घेतो. भगिनींनो, पक्के ध्यानात धरा: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जासाठी दलालाची गरज नाही. जो आधी पैसे मागतो आणि तुमचे बँकेचे पुस्तक किंवा मोबाइलवर आलेला आकडा मागतो, त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

चौथे कारण सांगताना आम्हांस वाईट वाटते, पण ते आपल्याच घरातले आहे. पोरगा पलटणीत असतो तेव्हा त्याची मनिऑर्डर साऱ्या घरास लागते. विहीर त्याच्या पैशाने खोदली जाते, बहिणीचे लग्न त्याच्या पैशाने होते. तो परत आला की वाटणीच्या वेळी भाऊ म्हणतात, “तुला पेन्शन आहे, जमीन कशाला?” आणि तो वारला की त्याच्या बायकोचे नाव सातबाऱ्यावर चढविण्यास कोणी तलाठ्याकडे जात नाही. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला त्याच म्हाताऱ्यास आपण खुर्चीवर बसवितो, नारळ देतो, हार घालतो. त्या हाराला दुपारपर्यंत वास राहतो. सातबाऱ्यावरचे नाव नातवापर्यंत राहते. तेव्हा नारळाबरोबर त्याच्या बायकोच्या वारसनोंदीचीही चौकशी करावी.

शहरातली गोष्टही वेगळी नाही. पुण्यातल्या मोठमोठ्या सोसायट्यांच्या फाटकांवर, बँकांच्या दारांवर, कारखान्यांच्या गेटांवर उभे असलेले पुष्कळ रखवालदार माजी सैनिक आहेत. कोणी मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी उभा आहे, कोणी पेन्शन नाही म्हणून. माजी सैनिकांस रोजगार मिळावा म्हणून राज्याचे ‘मेस्को’ हे महामंडळ पुण्यातून काम करते, आणि ते असे रखवालदारही पुरविते. काम कोणतेही हलके नाही. पण बारा तास उभे राहणाऱ्या साठीच्या माणसास बसावयास खुर्ची, प्यावयास पाणी आणि महिन्याला हक्काच्या सुट्या मिळतात की नाहीत, हे फाटकाच्या आत राहणाऱ्यांनी पाहावयास नको काय? छातीवरच्या पदकांचा अभिमान बाळगणारा समाज त्याच छातीच्या दम्याची चौकशी करीत नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते?

आता कोणी म्हणेल, “हे सगळे सरकारचे काम. समाजाने का करावे?” याचे उत्तर आमच्या इतिहासात आहे. पलटणीतून परतलेल्या माणसाने समाजाकडून घेतले त्यापेक्षा समाजाला दिले अधिक. जुन्या काळी पलटणीत शिपायास आणि त्याच्या पोरांस लिहा-वाचावयास शिकवीत. गावच्या शाळेच्या पायरीवर ज्यांस उभे करीत नसत, ते पलटणीच्या शाळेत शिकून आले. पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली अस्पृश्य मानलेल्यांची लष्करभरती बंद झाल्याविरुद्ध अर्ज लिहिला. येथील शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली त्याच भरतीच्या हक्कासाठी थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक होते. पलटणीतून आलेली अक्षरे त्या घरात नसती, तर पुढचा इतिहास कसा झाला असता, याचा विचार ज्याने त्याने करावा. सांगावयाचे इतकेच की, परतलेला शिपाई हा आमच्या समाजाचा पहिला अर्जदार, पहिला वाचक आणि कित्येक ठिकाणी पहिला मास्तर होता. ज्यांनी आम्हांस अर्ज लिहावयास शिकविले, त्यांच्या नातवंडांचे व विधवांचे अर्ज आज आम्ही लिहिले तर ते उपकार होत नाहीत. ती उसनी घेतलेल्या पायलीची परतफेड आहे.

आणि हे देणे आता वाढणार आहे. २०२२ साली अग्निपथ योजना आली. तिच्यात पोरे चार वर्षांसाठी भरती होतात. चौघांतील एकास पुढे ठेवतात, तिघे घरी येतात. येताना सेवानिधीची एक रक्कम मिळते, सुमारे अकरा-बारा लाखांची. पण योजना जाहीर झाली त्या अटींत पेन्शन नाही, दवाखान्याचे कार्ड नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६च्या अखेरीपासून भरतात. बंदूक चालविलेला, शिस्त अंगी बाणलेला, पंचविशीच्या आतबाहेरचा पोरगा हाती एकदम मोठी रक्कम घेऊन गावी येईल. त्याच्या भोवती मोटारसायकल विकणारा जमेल, जमिनीचा एजंट जमेल, बाटली घेऊन मित्र जमतील. वर्षभरात रक्कम संपली की पुढे काय? या योजनेविषयी कोणाचे मत काय असावयाचे ते असो. पोरे मात्र आपली आहेत. पलटणीच्या आधीच्या पिढ्यांस आपण उशिरा ओळखले. या पिढीस तरी ती परतण्याच्या दिवशीच ओळखावयास हवे. त्या रकमेतून कर्ज फेडावे, शिक्षण पुरे करावे, कसब शिकावे, हे त्यास सांगणारे चार वडीलधारे माजी सैनिक प्रत्येक गावात तयार पाहिजेत.

बंधुभगिनींनो, नुसते बोलून घरी जाणे आम्हांस मंजूर नाही. आम्ही पाच कामे सुचवितो. यांत मोठी वर्गणी लागत नाही, इमारत लागत नाही.

एक. प्रत्येक गावात, आणि पुण्यातल्या प्रत्येक पेठेत व वस्तीत, एक सैनिक वही ठेवावी. शंभर पानांची साधी वही. तीत प्रत्येक माजी सैनिकाचे व विधवेचे नाव, पलटण, नंबर, भरतीचे व सुटल्याचे साल, पेन्शन आहे की नाही, बायकोचे नाव सर्व कागदांवर एकच आहे की नाही, हे लिहावे. ही वही शाळेत ठेवावी आणि वर्षातून एकदा तपासावी.

दोन. सातवी-आठवीच्या पुढच्या मुला-मुलींनी अर्ज भरण्यास म्हाताऱ्यांची मदत करावी. मोबाइल त्यांच्या हातात आहेच. दिवसातला एक तास त्यावर चित्रे पाहण्याऐवजी एका आजीचा हयातीचा दाखला काढला, तर तो अभ्यासच आहे. मात्र मोबाइलवर आलेला आकडा कोणास सांगावयाचा नाही आणि बँकेचे काम घरच्या जबाबदार माणसासमोरच करावयाचे, एवढी शिस्त मास्तराने घालून द्यावी.

तीन. ७ डिसेंबरला नुसते ध्वज वाटू नयेत. त्या दिवशी गावातल्या माजी सैनिकास शाळेत बोलवावे, आणि भाषण देण्यासाठी नव्हे तर मुलांच्या प्रश्नांस उत्तरे देण्यासाठी बोलवावे. गावाने किती रुपये पाठविले आणि गावात किती रुपयांचे अनुदान आले, हे दोन आकडे फळ्यावर लिहावेत. दुसरा आकडा शून्य असेल तर त्याची लाज मुलांस वाटू द्यावी. पुढच्या वर्षी तो शून्य राहणार नाही.

चार. स्त्रियांचा वेगळा मेळावा भरवावा. पुरुषांच्या सभेत विधवा मागे बसते आणि तिचे दुःख तिच्या दिराच्या तोंडून ऐकू येते. बचत गटाच्या बैठकीत तीच बाई स्पष्ट बोलते. अपंग मुलास वडिलांच्या मागे जन्मभर कुटुंबपेन्शन मिळू शकते, ही गोष्ट आम्ही एका आईस सांगितली, तेव्हा तिने विचारले, “मग मी मेल्यावर त्याचे काय, ही काळजी मी इतकी वर्षे फुकट वाहिली?” अशा काळज्या किती घरांत विनाकारण वाहिल्या जात असतील?

पाच. ज्याचे मन मोडले आहे त्यास हसू नये. रात्री ओरडत उठणारा, एकटा बसणारा, दारूत बुडालेला शिपाई गावात असतो. पोरे त्यास “फौजी” म्हणून चिडवितात. पाय तुटला तर दिसतो, मन तुटले तर दिसत नाही, पण दोन्ही जखमा एकाच ठिकाणच्या असू शकतात. त्यास देवऋषाकडे नेण्याआधी डॉक्टराकडे न्यावे. तो पेन्शनर असेल तर त्याचे कार्ड आहेच. नसेल तर सरकारी जिल्हा रुग्णालय आहे.

यावर एक शंका येईल. माजी सैनिकांतही जात पाहणारे आहेत, हुद्दा पाहणारे आहेत, आपापली संघटना वेगळी मांडणारे आहेत. मग या वहीत कोणाचे नाव आधी लिहावे? त्याचे उत्तर सोपे आहे. ज्याच्या घरी चूल पेटावयाची मारामार आहे त्याचे नाव आधी. सुभेदार असो की शिपाई, मराठा असो, महार असो, मांग असो, धनगर असो, रामोशी असो की मुसलमान असो. गोळी सुटते तेव्हा ती जात विचारत नाही, हे तुम्हीच आम्हांस सांगत आला आहात. तेव्हा वहीनेही विचारू नये.

आमचे म्हणणे संपले. आज घरी गेल्यावर एवढेच करा. पेटीतले डिस्चार्ज बुक बाहेर काढा. त्याच्यावरचे बायकोचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव शेजारी शेजारी ठेवून वाचा. वाचता येत नसेल तर पोरास वाचावयास लावा. दोन्ही नावे एक असतील तर ठीक. नसतील तर सोमवारी सकाळी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची वाट धरा. वाटेत अडचण आली तर आपल्या गावच्या मास्तरास विचारा. त्यास माहीत नसेल तर तो शोधून सांगेल, आणि सांगत नसेल तर त्याला आमचे नाव सांगा.